फोटो निघाल्याशिवाय पाणी नाही

एका गावात एक भोळा पाणीवाला होता. गावात पाणी नव्हतं, पण पाणीवाला होता. बोरजाईवाडीची नळयोजना मंजूर झाली तेव्हा आधी पाणीवाल्याची जागा भरली, मग टाकी बांधली, मग पाइप पुरले, आणि शेवटी पाण्याचं बघू असं ठरलं. पाणीवाल्याचं नाव गेनू.

गेनूला ही जागा मिळाली, कारण तो सांगितलेलं करायचा. बाकीचं गाव सांगितलेलं सोडून सगळं करायचं. गेनू सांगितलेलं तेवढंच करायचा, आणि तेही जसंच्या तसं. आईबाप लहानपणीच गेले, म्हणून बापाच्या बहिणीने, हौसाआत्याने, त्याला वाढवलं. एकदा ती म्हणाली, विहिरीवरून घागर आण. गेनू घागर घेऊन आला. घागर रिकामी होती, कारण आत्या पाण्याचं काही बोलली नव्हती. मग ती म्हणाली, आरं पाणी आण. गेनू अर्धी घागर पाणी घेऊन आला.

“काम हाती घेतलं की पुरं करावं, गेन्या,” आत्या म्हणाली. “अर्ध्यावर सोडलेलं काम मला खपायचं न्हाई.”

गेनूने ते पक्कं ध्यानात ठेवलं. एकदा ध्यानात ठेवलेलं तो कधी विसरत नसे. कुठे वापरायचं एवढंच त्याला कळत नसे.

विहीर ओढ्यापलीकडे, उतारावर होती. जाताना उतार, येताना डोक्यावर घागर आणि चढ. हौसाआत्याचे गुडघे आता वाजायला लागले होते. चढाच्या मध्यावर एक दगड होता, त्यावर बसून ती गुडघे चोळायची आणि नळयोजनेच्या टाकीकडे बघायची. टाकी काठोकाठ भरलेली होती. चाचणीसाठी मोटर लावली होती तेव्हाच भरली होती. चावडीपुढे नळही बसवला होता. फक्त व्हॉल्व्ह बंद होता आणि त्याची चावी गेनूच्या गळ्यात दोरीने बांधलेली होती.

“सोड की रं जरा,” आत्या म्हणायची.

“उद्घाटन व्हायचंय, आत्ये.”

“पानी काय उद्घाटनाची वाट बघतंय व्हय?”

पाणी बघत नव्हतं. सरपंच रंगराव बघत होते. उद्घाटन पंचायत समितीचे सभापती अण्णासाहेब यांच्या हातून व्हायचं होतं आणि निवडणूक तोंडावर आली होती. रंगरावांनी गेनूला बोलावून समोर उभं केलं.

“गेन्या, नीट ऐक. फोटो निघाल्याशिवाय पाण्याचा थेंब सोडायचा न्हाई. फोटो निघाला की सोडायचं. काय सांगितलं?”

“फोटो निघाल्याशिवाय सोडायचं न्हाई. निघाला की सोडायचं.”

“शाबास. आन् फोटो तूच काढायचास.”

फोटो गेनूने काढायचा, याचं कारण सोपं होतं. गावातल्या बाकी सगळ्यांना फोटोत यायचं होतं.

कॅमेरा सरपंचांचा होता. त्यांच्या मेव्हण्याने फार वर्षांपूर्वी आखातातून आणलेला. रोलवर चालणारा, वजनदार, चामड्याच्या पिशवीतला. बटण दाबलं की आतला पडदा विजेवर उघडतो आणि मिटतो, आणि वीज दोन चपट्या सेलांमधून येते, एवढं मेव्हण्याने सांगितलं होतं. रोल सरपंचांच्या मुलाच्या लग्नातला होता. त्यात एकच फोटो शिल्लक होता. नवा रोल घ्यावा असं कुणी सुचवलं तेव्हा रंगराव म्हणाले, “सरकारी कामाला एक फोटो बास झाला.”

उद्घाटनाच्या दिवशी बायका सकाळपासून घागरी घेऊन रांगेत बसल्या. सगळ्यात पुढे हौसाआत्या. सभापती दुपारी आले. फीत कापली, नळावर हात ठेवला आणि हसले. गेनूने बटण दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. सभापती हसतच होते.

“दाब की,” रंगराव दातांतल्या दातांत म्हणाले.

“दाबलंय.”

“मग वाजत का न्हाई?”

“ते त्याला इचारा.”

सभापतींचं हसू हळूहळू उतरलं. फोटो नाही म्हणजे उद्घाटन नाही, असं त्यांचं मत पडलं. मागच्या वर्षी एका गावात त्यांनी बिनफोटोचं उद्घाटन केलं होतं, ते पुढे कुणीच मानलं नाही. म्हणून कापलेल्या फितीला गाठ मारण्यात आली, पुढची तारीख ठरली आणि गाडी निघून गेली. बायका घागरी उचलून ओढ्याकडे गेल्या. हौसाआत्या सगळ्यात शेवटी गेली. गेनूकडे तिने वळूनही बघितलं नाही. ते गेनूला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी गेनू कॅमेरा घेऊन तालुक्याला गेला. तिथे मुजावर चाचांचा फोटो स्टुडिओ होता. चाचांचा हात कामात सुरेख होता, पण तोंड तापट होतं. त्यांनी कॅमेऱ्याच्या बुडाचं झाकण नाण्याने फिरवून उघडलं आणि दोन चपटे सेल तळहातावर घेतले.

“मेलेत हे. कधीचे मेलेत. पडदा उघडणार कसा?” त्यांनी नवे सेल घातले. डोळा लावून बघितलं, आत बारीकसा लाल दिवा लागला. “झाला जिता. ऐक, फोटोग्राफीचा पहिला नियम. चालता चालता अडकलं की जुनं काढायचं, नवं घालायचं. फार विचार करत बसायचं न्हाई.”

“जुनं काढायचं, नवं घालायचं,” गेनू म्हणाला. एस.टी.त बसून गावापर्यंत तो हेच म्हणत आला.

पुन्हा तारीख आली. पुन्हा बायका रांगेत बसल्या. या वेळी सभापतींनी आधी भाषण करायचं ठरवलं. भाषण सुरू झालं. पाणी म्हणजे काय, पाण्याचं महत्त्व काय, आपण पाण्यासाठी काय काय केलं, असं सांगता सांगता ते, “आणि म्हणून मी आपल्याला सांगू इच्छितो की,” या ठिकाणी आले आणि अडकले. पुढचं काही आठवेना. त्यांनी घसा खाकरला. पाणी प्यायले. पुन्हा म्हणाले, “सांगू इच्छितो की,” आणि पुन्हा थांबले.

गेनू बघत होता. चालता चालता अडकलं होतं. फार विचार करायचा नव्हता. तो मंचावर चढला, सभापतींचा कोपर आदराने धरला आणि त्यांना हळूच खाली उतरवलं. मग गर्दीत नवीन कोण आहे ते बघितलं. मागे लिंबाखाली बापूराव उभे होते. मागच्या निवडणुकीत अण्णासाहेबांकडून पडलेले. गंमत बघायला आले होते. गेनूने त्यांना हाताला धरून वर आणलं आणि सभापतींच्या खुर्चीत बसवलं.

बापूरावांनी टोपी सारखी केली. माइक ओढला. “बंधू आणि भगिनींनो,” ते म्हणाले. त्यांचं भाषण तयारच होतं.

पुढे जे झालं त्यात दोन खुर्च्या मोडल्या. बापूराव टाळ्या घेतच खाली उतरले. रंगराव अण्णासाहेबांच्या पायांपर्यंत वाकले आणि त्यांना कसंबसं नळापाशी घेऊन आले. अण्णासाहेबांनी न हसता नळावर हात ठेवला. “काढा लवकर,” ते म्हणाले.

गेनूने बटण दाबलं. काही झालं नाही.

फितीला दुसरी गाठ पडली. रंगरावांनी गेनूला चावडीमागे नेऊन विचारलं, “आरं, माणसाला असं खुर्चीवरनं काढत्यात व्हय?”

“अडकले हुते.”

“मंग?”

“चाचा म्हनले, जुनं काढायचं, नवं घालायचं.”

रंगरावांनी कपाळाला हात लावला. “ते सेलाचं, गाढवा.”

“चाचा तसं न्हाई म्हनले,” गेनू म्हणाला. त्यात खोटं काहीच नव्हतं.

संध्याकाळी हौसाआत्या चढावरच्या दगडावर बसली ती बराच वेळ उठेचना. गेनू घागर घ्यायला खाली गेला तेव्हा ती म्हणाली, “तुझ्या त्या डबड्याला येवढं सांग, म्हातारी थकली.” तिने ते रागाने म्हटलं नाही, म्हणून गेनूला जास्तच वाईट वाटलं. त्याने घागर काठोकाठ भरून घरी नेली. मग कॅमेरा समोर ठेवला आणि त्याला सांगितलं, “म्हातारी थकली.” निरोप दिला होता, तो पोचवायला हवा होता.

मुजावर चाचांनी या वेळी भिंग लावून आत बघितलं. सेल नवे होते, पण सेल ज्या पितळी पट्टीला टेकतात तिच्यावर हिरवट थर चढला होता. जुने सेल आतल्या आत पाझरून तो साचला होता, आणि एस.टी.च्या धक्क्यांनी नवे सेल सरकून नेमके त्याच्यावर टेकले होते.

“हा बघ कळंक. सेल नवे घालून काय उपयोग? वीज जाणार कुठनं?” चाचांनी गिऱ्हाइकांची गर्दी बघितली आणि खोडरबर गेनूच्या हातात दिलं. “तूच घास. फोटोग्राफीचा पहिला नियम, हिरवं दिसलं की घासायचं. चकाकेपर्यंत. एक कण ठेवायचा न्हाई.”

“पहिला नियम जुनं काढायचा हुता ना?”

“तो बी पहिला. हा बी पहिला.”

गेनू स्टुडिओच्या पायरीवर बसून पट्टी घासत राहिला. घासायला आड येतात म्हणून त्याने सेल काढून ठेवले आणि पट्टी लखलखली तेव्हा परत घातले. चाचा आत एका नवऱ्यामुलाला हनुवटी वर करायला सांगत होते, त्यांनी बघितलं नाही. गेनू खूश होऊन गावाला आला. घासायचं काम त्याला आवडलं होतं.

गावात तोवर कोनशिला आली होती. आधीच्या दोन उद्घाटनांना ती नव्हती, म्हणून तर अपशकुन झाला, असं रंगरावांचं म्हणणं होतं. कोनशिला म्हणजे एक मोठी गुळगुळीत फरशी. अक्षरं कोरलेली नव्हती, रंगवलेली होती. यातही रंगरावांची दूरदृष्टी होती. उद्या सभापती बदलले तर फरशी तीच राहते आणि नाव तेवढं बदलता येतं. रंग शाळेची दारं रंगवून उरलेला होता. तेव्हा माननीय सभापती अण्णासाहेब, त्याखाली सरपंच रंगराव आणि त्याखाली समस्त ग्रामस्थ, असे सगळे जण हिरव्यागार अक्षरांत फरशीवर आले.

“गेन्या, उद्या कार्यक्रम हाय. फरशीवर धुरळा बसलाय, तेवढा पूस आन् पडदा टाक,” रंगराव सांगून गेले.

गेनूने धुरळा पुसला. खालून हिरवं निघालं. त्याने वाकून नीट बघितलं. हिरवंच होतं, आणि पुष्कळ होतं. खोडरबराने काही होईना, म्हणून त्याने विटेचा तुकडा आणला, वाळू आणली आणि दिवस मावळेपर्यंत घासत राहिला. समस्त ग्रामस्थ लवकर गेले. सरपंच जरा चिवट निघाले. सभापतींच्या नावावर दोन हात रंग होता, त्याला फार वेळ लागला. पण गेनूने काम अर्ध्यावर सोडलं नाही. एक कण राहिला नाही तेव्हा त्याने फरशी ओल्या फडक्याने पुसली आणि पडदा टाकला.

दुसऱ्या दिवशी सभापतींनी दोरी ओढली. पडदा सरकला. टाळ्या वाजल्या आणि मधेच थांबल्या. फरशी अशी चकाकत होती की अण्णासाहेबांना तिच्यात स्वतःचा चेहरा दिसला. नाव कुठेच दिसलं नाही. त्यांनी फरशीच्या मागेही बघितलं.

“हे काय आहे?” त्यांनी विचारलं.

“कळंक काढला, साहेब,” गेनू म्हणाला. “लई हुता.”

रांगेतली एक बाई तोंडाला पदर लावून हसली. मग दुसरी हसली. रंगरावांनी तशातही धीर सोडला नाही. फरशीच्या पुढे चार माणसं उभी केली, म्हणजे ती झाकली जाईल, आणि सभापतींचा हात धरून नळावर ठेवला. “गेन्या, दाब.”

गेनूने दाबलं. काही झालं नाही.

फितीला इतक्या गाठी झाल्या होत्या की आता ती फीत कमी आणि गाठच जास्त होती. सभापती गाडीत बसता बसता म्हणाले, “रंगराव, पुढच्या वेळेला जर फोटो निघाला नाही, तर ही योजना मी पलीकडच्या गावाला देईन.” टाकी आणि पाइप पलीकडच्या गावाला कसे देणार, हे कुणी विचारलं नाही. बायका मात्र घाबरल्या. हौसाआत्या त्या दिवशी विहिरीवर गेलीच नाही. घरातल्या रांजणाच्या तळाशी जे होतं त्यावर भागवलं.

रंगरावांनी गेनूला शेवटचं सांगितलं. “चाचांकडनं कॅमेरा नीट करून आण. आन् त्यांना सांग, रोलातला शेवटचा फोटो चांगला मोठा करा. चौकट करा. खाली लिहा, माननीय सभापती यांच्या शुभहस्ते नळयोजनेचे उद्घाटन. नाव नको, नुसतं पद टाका. नाव पुसलं जातंय.” हे म्हणताना ते गेनूकडे बघत होते.

मुजावर चाचांनी बुडाचं झाकण उघडलं आणि सेल बोटाने खाली-वर करून बघितले.

“सेल उलटे घातलेस.”

“घासताना काढले हुते.”

“घालताना बघायचं, बाबा. अधिकची खूण कुठल्या बाजूला, ते आतच कोरलंय.” त्यांनी सेल फिरवून बसवले. लाल दिवा लागला. मग त्यांनी कॅमेरा दोन्ही हातांनी गेनूच्या पोटाशी दिला. “आता कशाला हात लावू नको. जुनं काढू नको, हिरवं घासू नको. फोटोग्राफीचा पहिला नियम ऐक. खऱ्या फोटोच्या आधी कॅमेरा जिता हाय का बघायचं. जिथं फोटो काढायचा तिथंच उभं राहायचं. बटण अर्धं दाबायचं. आत लाल दिवा लागला की समजायचं, जिता हाय. कळलं?”

“कळलं. चाचा, पहिले नियम किती असत्यात?”

“जेवढे बिघाड तेवढे,” चाचा म्हणाले आणि मोठ्या फोटोचं आणि चौकटीचं सगळं विचारून घेतलं.

चौथ्या उद्घाटनाच्या दिवशी गेनू उन्हं कोवळी असतानाच चावडीपुढे गेला. तिथे कुणी नव्हतं, फक्त हौसाआत्या होती. रांगेत पहिला नंबर जाऊ नये म्हणून ती तांबडं फुटताच आली होती. नळाच्या ओट्यावर बसली होती. एक हात गुडघ्यावर, आणि आधाराला दुसरा हात नळावर. अगदी सभापती ठेवायचे तसा.

“आत्ये, हलू नको,” गेनू म्हणाला.

“का रं?”

“कॅमेरा जिता हाय का बघतो.”

आयुष्यात पहिल्यांदा गेनूला एक शिकवण मिळाली होती आणि ती तो बरोबर जागी, बरोबर वेळी वापरत होता. तो जिथं फोटो काढायचा तिथंच उभा राहिला. डोळा लावला. बटण अर्धं दाबलं. लाल दिवा लागला. सगळं चाचांनी सांगितल्याप्रमाणे झालं.

मग त्याला आठवलं. काम हाती घेतलं की पुरं करावं. अर्ध्यावर सोडलेलं काम आत्याला खपत नाही, आणि आत्या तर समोरच बसली होती. त्याने उरलेलं अर्धं बटणही दाबलं.

खटक.

एवढ्या दिवसांत तो आवाज कुणी ऐकला नव्हता. आत्या दचकली. गेनू क्षणभर तसाच उभा राहिला. फोटो निघाला होता. फोटो निघाला की काय करायचं, ते त्याला पाठ होतं. त्याने गळ्यातली चावी काढली, खड्ड्यात उतरला आणि व्हॉल्व्ह फिरवला.

नळ आधी गुरगुरला. मग तांबूस पाणी आलं, मग स्वच्छ. हौसाआत्याने हात धारेखाली धरला आणि तसाच धरून ठेवला. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते बघून गेनूलाही रडू आलं, पण व्हॉल्व्ह पुरता उघडायचा राहिला होता, म्हणून त्याने आधी ते काम संपवलं.

बातमी घरोघर पोचली. घागरी भरल्या, कळशा भरल्या, हंडे, रांजण, पातेली भरली. कुणी गुरांना पाजलं, कुणी पोरं धुतली, कुणी दिवाळीपासून राहिलेल्या गोधड्या भिजत घातल्या. सरपंच तेव्हा सभापतींना आणायला तालुक्याला गेले होते. दुपारपर्यंत टाकी रिकामी झाली.

मग सभापती आले. हलगी वाजायला लागली. फितीच्या गाठी कापायला बराच वेळ गेला. अण्णासाहेबांनी नळ फिरवला. नळातून फुस्स अशी हवा आली आणि एक थेंब पडला.

“गेन्या, पाणी सोड,” रंगराव त्याच्या कानात म्हणाले.

“सोडलंय.”

“मग कुठं हाय?”

“घागरीत.”

रंगरावांनी रांगेकडे बघितलं. सगळ्या घागरी काठोकाठ भरलेल्या होत्या. सभापतींनीही बघितलं. आपण नळाला हात लावला आणि सगळ्यांच्या घागरी भरल्या, एवढंच त्यांच्या ध्यानात आलं. त्यांना याचं फारसं नवलही वाटलं नाही. ते हसले. “घ्या फोटो,” ते म्हणाले.

गेनूने बटण दाबलं. ते हललंच नाही, कारण रोल संपला होता. हलगीच्या आवाजात ते कुणाला कळलं नाही. गेनूला त्याची काळजी वाटली नाही. काम पुरं झालेलं होतं.

“निघाला का फोटो?” रंगरावांनी घाबरत विचारलं.

“निघाला.”

रंगरावांनी आभाळाकडे बघून हात जोडले आणि रोल त्याच दिवशी तालुक्याला पाठवला.

मुजावर चाचांनी रोल धुतला, शेवटचा फोटो मोठा केला आणि थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसले. मग त्यांना वाटलं, आता बायकांनाही राखीव जागा झाल्यात, असतील ह्याच सभापती. चेहऱ्यावरून तर कामाच्या वाटतात. त्यांनी सांगितलेली अक्षरं सुरेख वळणात खाली लिहिली, चौकट केली आणि कागदात गुंडाळून पाठवून दिली.

गावात फोटोच्या अनावरणाचा कार्यक्रम ठेवला होता. उद्घाटनाचा फोटो, म्हणून फोटोचंही उद्घाटन. “ग्रामपंचायतीच्या कार्यालयात खुर्चीच्या मागं लाव, वरनं तांबडं कापड टाक,” रंगरावांनी गेनूला सांगितलं होतं. “सभापतींच्या आधी कुणी बघायचा न्हाई. तू बी न्हाई.” गेनूने डोळे मिटून कागद सोडला, डोळे मिटूनच फोटो भिंतीला लावला आणि चाचपून कापड टाकलं.

कार्यालय भरलं. दाराशी बायका उभ्या होत्या. बापूरावही आले होते, मागे उभे होते. अण्णासाहेब खुर्चीवरून उठले, माइक हातात घेतला आणि दोरी ओढली. कापड खाली पडलं. सवयीने ते फोटोखालची अक्षरं मोठ्याने वाचायला लागले.

“माननीय सभापती यांच्या शुभहस्ते,” ते म्हणाले आणि वर बघितलं.

फोटोत हौसाआत्या होती. एक हात गुडघ्यावर, एक नळावर. तोंड अर्धवट उघडं, काहीतरी विचारत असल्यासारखं. मागे फितीची गाठ स्पष्ट आली होती. फोटो फार चांगला निघाला होता.

“शुभहस्ते,” अण्णासाहेब पुन्हा म्हणाले. पुढे काही येईना. त्यांनी घसा खाकरला. रंगराव भिंतीला टेकून उभे होते आणि भिंतीत जाता आलं असतं तर गेले असते.

गेनूने फोटोकडे बघितलं. खाली लिहिलेलं त्याने बोट फिरवत वाचलं. सभापती कोण, ते तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं आणि वर फोटोही होता. मग त्याने माइकसमोर उभ्या माणसाकडे बघितलं. चालता चालता अडकलं होतं.

मागे बापूरावांनी टोपी सारखी केली. पण गेनूने त्यांच्याकडे बघितलंच नाही. तो पुढे गेला, अण्णासाहेबांचा कोपर आदराने धरला, त्यांना बाजूला केलं, दारातून हौसाआत्याला हाताला धरून आणलं आणि सभापतींच्या खुर्चीत बसवलं.

आत्या बसली. खुर्ची मऊ होती. तिने दोन्ही गुडघे सावकाश सरळ केले. समोर माइक होता आणि अख्खं गाव तिच्या तोंडाकडे बघत होतं.

“टाकी रिकामी हाय, गेन्या,” ती म्हणाली. “मोटर लाव.”

सांगितलेलं करायचं असतं. गेनू लगेच निघाला. बोरजाईवाडीत आजवर झालेलं ते सगळ्यात लहान भाषण होतं, आणि त्यानंतर पाणीही आलं.